सुबारू : एका लहान कारखान्याची चिवट कहाणी

कार्तिकातील निरभ्र रात्री पूर्वेच्या आकाशात ताऱ्यांचा जो इवलासा पुंजका दिसतो, त्याला आपण कृत्तिका म्हणतो. कार्तिक महिन्याला नाव मिळाले ते त्यांच्यावरूनच. आणि कार्तिकेयाचे संगोपन करणाऱ्या सहा माता म्हणजे याच तारका, अशी आपली पुराणकथा सांगते. जपानी लोक याच पुंजक्याला ‘सुबारू’ म्हणतात. एकत्र येणे, एका ठिकाणी गोळा होणे, असा त्या शब्दाचा अर्थ. या नावाची आणि सहा ताऱ्यांचे बोधचिन्ह मिरवणारी एक मोटार गेली पन्नासहून अधिक वर्षे जगातील बर्फाळ व डोंगराळ रस्त्यांवर धावत आहे. ती भारतात विकली जात नसल्याने आपल्यापैकी बहुतेकांनी ती पाहिलेलीही नसेल. तरीही अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला तिची कहाणी मोठी उद्बोधक वाटावी अशी आहे.

मोटार-उद्योग हे मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाच्या लाभांचे पाठ्यपुस्तकातील ठरीव उदाहरण होय. साचे, दाबयंत्रे, संशोधन आणि जाहिरात यांवरील प्रचंड खर्च जितक्या अधिक गाड्यांवर वाटला जाईल, तितकी प्रत्येक गाडी स्वस्त पडते. या न्यायाने वर्षाला नऊ-दहा लाख मोटारी निर्माण करणाऱ्या सुबारूने, एक कोटीच्या घरात मोटारी काढणाऱ्या टोयोटापुढे केव्हाच मान टाकायला हवी होती. ती टाकली नाही, हे उघड आहे. ती का टाकली नाही, हा प्रश्न केवळ मोटारींच्या शौकिनांचा नाही. लहान राहून जगू पाहणाऱ्या प्रत्येक उद्योगाचा तो प्रश्न आहे.

विमानांच्या राखेतून

या कंपनीचा जन्म मोटारींच्या कारखान्यात झालाच नाही. जपानी नौदलातील अभियंता-अधिकारी चिकुहेइ नाकाजिमा यांनी १९१७ साली नौदल सोडून गुन्मा प्रांतातील ओता येथे विमान संशोधनशाळा काढली. तिचाच पुढे नाकाजिमा विमान कंपनी या नावाने विस्तार झाला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती जपानमधील अग्रगण्य विमान-उत्पादकांत गणली जाऊ लागली. प्रसिद्ध ‘झीरो’ लढाऊ विमानाचा आराखडा मित्सुबिशीचा होता. पण त्यांपैकी निम्म्याहून अधिक विमाने बाहेर पडली ती नाकाजिमाच्या कारखान्यांतून.

१९४५ साली पराभव झाला. कारखाने बाँबवर्षावात उद्ध्वस्त झाले होते आणि जेत्यांनी विमाननिर्मितीवर बंदी घातली. फुजी सांग्यो असे नवे नाव धारण करून कंपनीने बसगाड्यांचे सांगाडे बांधावयास घेतले. १९४६ साली ‘रॅबिट’ नावाची स्कूटर तयार झाली, तेव्हा तिला बाँबफेकी विमानांच्या शेपटीची शिल्लक राहिलेली चाके बसवण्यात आली होती. तलवारीचा नांगर करणे म्हणतात ते हेच. १९५० साली ही कंपनीही तोडून तिचे बारा तुकडे करण्यात आले. परंतु १९५३ साली त्यांतील पाच कंपन्यांनी मिळून फुजी हेवी इंडस्ट्रीज ही नवी कंपनी स्थापन केली व १९५५ मध्ये त्या तिच्यात विलीन झाल्या. पाच लहान तारे आणि एक मोठा, असे ते बोधचिन्ह याच पुनर्मीलनाची खूण आहे. पहिले अध्यक्ष केंजी किता यांनी मोटारीला ‘सुबारू’ हे नाव दिले, त्यामागे हाच भाव होता.

यंत्रे जप्त करता येतात, इमारती पाडता येतात, पण कामगाराच्या बोटांतील व अभियंत्याच्या डोक्यातील कौशल्य कोणत्याही तहनाम्याने काढून घेता येत नाही. अर्थशास्त्रज्ञ ज्याला मानवी भांडवल म्हणतात, त्याचे इतके स्पष्ट प्रात्यक्षिक इतिहासात क्वचितच पाहावयास मिळेल.

हे भांडवल प्रथम फळाला आले ते १९५८ च्या ‘सुबारू ३६०’ या मोटारीत. सामान्य कुटुंबाला परवडेल अशी ‘लोकांची मोटार’ निर्माण व्हावी, ही कल्पना १९५५ साली जपानच्या व्यापार व उद्योग मंत्रालयात पुढे आली होती. तीन मीटरांहून कमी लांबी आणि ३६० घनसेंटिमीटरांच्या आतले इंजिन, ही लहान मोटारींसाठीची कायदेशीर मर्यादा. एवढ्या जागेत चार माणसे बसवायची कशी? पूर्वी विमानांच्या इंजिनांवर काम केलेले अभियंते शिनरोकु मोमोसे यांनी त्याचे उत्तर विमानविद्येत शोधले. वेगळी जड चौकट वगळून पत्र्याच्या अंगानेच सर्व भार पेलायचा, ही विमानाची रचना त्यांनी मोटारीला दिली. गाडीचे वजन ४०० किलोंच्या आत राहिले, किंमत ४ लाख २५ हजार येन ठरली आणि लोकांनी कौतुकाने तिचे नाव ठेवले ठिपक्यांच्या भुंग्यावरून. जपानच्या याच लहान मोटारींच्या परंपरेतून सुझुकीच्या गाड्या घडल्या आणि १९८३ साली मारुती ८०० च्या रूपाने त्या परंपरेचा एक वंशज आपल्या दारात आला, एवढे आपले व या कुळाचे नाते.

वीज कंपनीची मागणी

मात्र स्वस्त लहान मोटार काढणारे अनेक होते. सुबारूला तिचे स्वतःचे स्थान मिळाले ते एका किरकोळ वाटणाऱ्या मागणीतून. ईशान्य जपानमधील तोहोकु प्रदेशात हिवाळ्यात प्रचंड हिमवर्षाव होतो. तेथील वीज कंपनीच्या कर्मचाऱ्यांना डोंगरांतील तारांची देखभाल करण्यासाठी ऐन बर्फात हिंडावे लागे. त्यासाठी जीप असे; पण जीप म्हणजे थंडी, धक्के आणि गैरसोय. जीपसारखी बर्फात चालणारी, पण साध्या मोटारीसारखी उबदार व वर्षभर वापरता येईल अशी गाडी मिळेल काय, अशी विचारणा झाली. मियागी येथील सुबारूच्या विक्रेत्याने एका छोट्या व्हॅनला दुसऱ्या कंपनीच्या गाडीचे मागच्या आसाचे सुटे भाग जोडून पहिला नमुना तयार केला. मग कंपनीने स्वतः लक्ष घातले. १९७१ साली अशा मोजून आठ गाड्या बांधल्या गेल्या आणि १९७२ मध्ये ‘लिओने’ ही चारही चाकांना शक्ती पुरवणारी मोटार सर्वसामान्यांसाठी विक्रीस आली.

हे इतक्या सहजपणे का साधले, हे समजण्यासाठी थोडे यंत्रशास्त्र पाहावे लागेल. १९६६ च्या ‘सुबारू १०००’ या गाडीपासून कंपनीने आडव्या सिलिंडरांचे इंजिन स्वीकारले होते. त्यात दट्टे वरखाली न हालता दोन बाजूंना परस्परविरुद्ध हालतात, दोन मुष्टियोद्ध्यांनी एकमेकांना ठोसे द्यावेत तसे. असे इंजिन बुटके असल्याने गाडीचा गुरुत्वमध्य खाली राहतो. ते गाडीच्या लांबीच्या रेषेत बसते आणि त्याच्या मागे गिअरची पेटी येते. तेव्हा पुढच्या चाकांना फिरवणारी शक्ती मागच्या चाकांपर्यंत नेण्यासाठी त्याच सरळ रेषेत एक दांडा वाढवला की काम भागते. इतरांना ज्यासाठी गाडीची सारी मांडणी बदलावी लागली असती, ते सुबारूला जवळजवळ घरच्या घरी करता आले.

जर्मनीच्या आउडी कंपनीची ‘क्वात्रो’ हे चारही चाकांच्या शक्तीचे तंत्र शर्यतींच्या मैदानात गाजवू लागली ती १९८० नंतर. त्याच्या आठ वर्षे आधी सुबारू ते तंत्र शेतकरी, टपालवाटप करणारे आणि डोंगरातील डॉक्टर यांच्या उपयोगाचे करून बसली होती. शर्यतीतील कीर्ती तिला मागाहून लाभली. १९९५ साली कॉलिन मॅक्रे तिच्या ‘इम्प्रेझा’ गाडीत जागतिक रॅली-विजेते ठरले आणि त्या वर्षापासून लागोपाठ तीन वर्षे उत्पादकांचे अजिंक्यपदही तिच्याकडे राहिले.

जकातीची गंमत

अमेरिकेत मात्र तिचे पदार्पण अत्यंत वाईट झाले. १९६८ साली माल्कम ब्रिकलिन व हार्वी लॅम यांनी ‘सुबारू ३६०’ तेथे आयात केली. पुढच्याच वर्षी ग्राहकांच्या एका प्रतिष्ठित मासिकाने ती ‘अस्वीकार्य’ ठरवली. पुढे चारही चाकांची गाडी आली आणि व्हर्माँट, कोलोरॅडो यांसारख्या बर्फाळ राज्यांनी तिला हात दिला.

व्यापारी धोरणाच्या विद्यार्थ्याने यानंतरचा एक प्रसंग अवश्य ध्यानात ठेवावा. युरोपीय राष्ट्रांनी अमेरिकन कोंबड्यांवर जकात बसवली, तिचा सूड म्हणून अमेरिकेने १९६४ पासून आयात होणाऱ्या हलक्या मालमोटारींवर २५ टक्के जकात लादली. १९७७ मध्ये सुबारूने ‘ब्रॅट’ ही उघड्या हौद्याची छोटी गाडी तेथे पाठवली, तेव्हा त्या हौद्यात प्लास्टिकच्या दोन खुर्च्या बसवून दिल्या. खुर्च्या आल्या म्हणजे प्रवासी आले, आणि प्रवासी आले म्हणजे ती मालमोटार नव्हे! जकात टळली. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन यांच्या कॅलिफोर्नियातील कुरणावर अशी एक गाडी होती. आणि त्यांच्याच कारकिर्दीत १९८१ साली जपानी मोटारींच्या निर्यातीवर तथाकथित ‘स्वेच्छेची’ मर्यादा आली.

कथेचा उत्तरार्धही तितकाच बोलका आहे. २००५ च्या ‘आउटबॅक’ गाडीची उंची कंपनीने किंचित वाढवली. त्यामुळे ती कायद्याच्या दृष्टीने ‘हलकी मालमोटार’ ठरली आणि इंधनबचतीचे प्रवासी मोटारींना लागू असलेले कडक नियम तिला लागू राहिले नाहीत. एकदा मालमोटारीची मोटार केली, एकदा मोटारीची मालमोटार! कायदा वस्तूची व्याख्या करू लागला की उत्पादक वस्तू सुधारण्याऐवजी व्याख्येशी खेळू लागतो. निसर्गप्रेमाच्या जाहिराती करणाऱ्या कंपनीने इंधनबचतीचा नियम असा चुकवावा, हे तिला भूषणावह नव्हते, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे.

गिऱ्हाईक कोण?

१९८५ च्या प्लाझा करारानंतर येन महागला आणि सुबारूच्या स्वस्तपणाचा आधार गेला. १९८६ साली अमेरिकेत १ लाख ८० हजारांवर गेलेला खप नव्वदीच्या दशकाच्या मध्यास एक लाखाच्या आसपास उतरला. महागडी क्रीडा-मोटार काढून बड्या कंपन्यांशी बरोबरी करण्याचा प्रयत्नही फसला. तेव्हा कंपनीने एक साधा प्रश्न विचारला : आपली गाडी मुळात घेते कोण? पाहणीत असे आढळले की निम्मा खप ठरावीक गटांत आहे. शिक्षक, आरोग्यसेवक, तंत्रज्ञ आणि रानावनात हिंडणारे लोक हे ते गट. पाचवा गट समलिंगी स्त्रियांचा होता. त्या काळी इतर कंपन्या ज्यांचे नावही घेण्यास कचरत, त्यांना उद्देशून सुबारूने जाहिराती केल्या आणि काहींचा रोष ओढवूनही त्या मागे घेतल्या नाहीत. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या तिच्या सर्व मोटारी चारही चाकांच्या झाल्या. सर्वांना थोडेथोडे देण्याचा नाद तिने सोडला. २००९ च्या मंदीत अमेरिकेतील मोटारविक्री कोसळत असताना सुबारूचा खप वाढून २ लाख १६ हजारांवर गेला आणि २०१९ मध्ये तो ७ लाखांपलीकडे पोचला.

चेंबरलिन आणि जोन रॉबिन्सन यांनी १९३३ साली स्वतंत्रपणे केलेली अपूर्ण स्पर्धेची मीमांसा आपले विद्यार्थी परीक्षेपुरती पाठ करतात. वस्तूभेद म्हणजे वेष्टनाचा रंग निराळा करणे, एवढाच अर्थ त्यांच्या मनात राहतो. खरा वस्तूभेद गरजेतून जन्मतो. बर्फात तारा तपासणाऱ्या माणसाची गरज कोणाच्याही खिजगणतीत नव्हती; ती ज्याने ऐकली, त्याला आपला कोपरा मिळाला. आज पुष्कळ लहान उद्योजक बड्यांची स्वस्त नक्कल करण्यात शक्ती वेचतात. तो मार्ग सुबारूनेही चोखाळून पाहिला होता, आणि तिथेच ती प्रत्येक वेळी हरली.

कोपऱ्याचे धोके

परंतु हे चित्र एकरंगी नाही. नव्वदीच्या दशकातील तिच्या मोठ्या इंजिनांत सिलिंडरच्या झाकणाखालील गॅस्केट गळण्याचा दोष ग्राहकांना दीर्घकाळ भोवला. २०१७ साली, म्हणजे कंपनीने सुबारू कॉर्पोरेशन हे नाव धारण केले त्याच वर्षी, जपानमधील कारखान्यांत गाड्यांची अखेरची तपासणी अधिकृत पात्रता नसलेल्या लोकांकडून होत असल्याचे उघडकीस आले आणि लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. विश्वासावर जगणाऱ्या उद्योगाला याहून मोठा कलंक नाही.

दुसरा धोका एकाच बाजारपेठेवर विसंबण्याचा. तिच्या दहा गाड्यांपैकी सुमारे सात अमेरिकेत खपतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेने आयात मोटारींवर आणखी २५ टक्के जकात बसवली. जपानशी करार होऊन सप्टेंबरात ती एकंदर १५ टक्क्यांवर आली. या वेळी हौद्यात खुर्च्या ठेवून सुटका होण्यासारखी नव्हती. तिसरा धोका तंत्राचा आहे. विजेच्या मोटारीत पुढे एक व मागे एक मोटर बसवली की मधल्या दांड्यावाचून चारही चाके फिरतात. ज्या रचनेवर सुबारूचे वेगळेपण उभे होते, ती उद्या कोणालाही साधेल. तिची पहिली जागतिक विद्युत मोटार २०२२ साली आली ती टोयोटाच्या सहकार्याने, आणि त्या टोयोटाकडे आज तिचे सुमारे २० टक्के भाग आहेत.

तेव्हा हा लहान तारा मोठ्याच्या प्रकाशात विरून जाणार काय? यंत्ररचनेचे वेगळेपण कधी ना कधी संपतेच. आडवे इंजिनही त्याला अपवाद ठरणार नाही. न संपणारी गोष्ट एकच, ती म्हणजे कोणाची गरज दुर्लक्षित राहिली आहे हे शोधण्याची दृष्टी. तोहोकुच्या बर्फात जी दृष्टी या कंपनीला लाभली, ती तिने जपली तर तिला पुढेही स्थान आहे. ती हरवली, तर बोधचिन्हावरचे सहा तारे केवळ शोभेचे उरतील.