ठोका आहे, तारा कुठे?

क्ष-किरण वातावरणातच शोषले जातात. त्यामुळे पेणमधली गच्ची असो की लडाखमधली हानलेची वेधशाळा, जमिनीवरून क्ष-किरण स्पंदक टिपता येत नाही. उपकरण वर पाठवावं लागतं. २८ सप्टेंबर २०१५ रोजी भारताचा ॲस्ट्रोसॅट उपग्रह वर गेला. त्याची क्ष-किरण उपकरणं घडवण्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा वाटा होता आणि पुण्याच्या आयुका या खगोल संस्थेचाही हात होता.

अशा उपकरणाच्या हाती लागतो तो ठोका. स्पंदक म्हणजे न्यूट्रॉन तारा; तो शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढतो. हा वायू त्याच्या चुंबकीय ध्रुवांवर आदळून कोट्यवधी अंश तापतो आणि न्यूट्रॉन तारा स्वतःभोवती फिरताना तापलेला भाग दर फेरीला आपल्यासमोर येतो. दोन ठोक्यांमधला वेळ अचूक मोजता येतो. पण वायू पुरवणारा शेजारी कोण, हे त्यातून कळत नाही. त्याचा प्रकार आणि अंतर ठरवायचं, तर तो साध्या प्रकाशात शोधावा लागतो.

पहिली पायरी जागेची. ॲस्ट्रोसॅटवरच्या लॅक्सपेक या क्ष-किरण उपकरणाला चित्र काढता येत नाही. त्याच्या नजरेत एका वेळी साधारण एक अंशाचा, म्हणजे दोन पूर्णचंद्र शेजारी ठेवल्याएवढा तुकडा येतो. आकाशगंगेच्या पट्ट्यात तेवढ्यात हजारो तारे असतात. चित्र काढणाऱ्या क्ष-किरण दुर्बिणी हा तुकडा लहान करत नेतात. चंद्रा ही दुर्बीण तर जागा साधारण एका विकलेपर्यंत सांगते.

दुसरी पायरी वर्णपटाची. उरलेल्या ताऱ्यांचा प्रकाश जुन्नरजवळच्या गिरवलीत असलेल्या आयुकाच्या २ मीटर दुर्बिणीसारख्या साधनातून घेऊन रंगांत उलगडायचा. एखादा तारा तप्त, निळा निघाला आणि ६५६ नॅनोमीटरजवळ हायड्रोजनची लाल रेषा काळी न दिसता चमकती दिसली, तर त्याच्याभोवती वायूची तबकडी आहे. हा संशयित पक्का. पण असे तारे एकटेही असतात.

म्हणून तिसरी पायरी निर्णायक: चाल जुळली पाहिजे. ‘हर्क्युलिस एक्स-१’ या स्पंदकाचे ठोके १.२४ सेकंदांनी पडतात. उहुरू उपग्रहाच्या नोंदींत दिसलं, की १.७ दिवसांच्या चक्रात ते आधी दाटतात, मग विरळ होतात आणि मध्ये काही तास क्ष-किरण पार बंद होतात. म्हणजे स्पंदक कोणाभोवती तरी फिरतोय आणि त्याच्याआड लपतोय. १९७२मध्ये खगोलशास्त्रज्ञ विल्यम लिलर यांनी ‘एचझेड हर्क्युलिस’ या ताऱ्याकडे बोट दाखवलं. हा तारा रूपविकारी असल्याचं १९३६पासून ठाऊक होतं. १९७२मध्येच जॉन आणि नेटा बाकॉल यांनी त्याची तेजस्विता मोजत नेली: तीही १.७ दिवसांनीच चढत-उतरत होती. शिवाय तारा सर्वांत मंद व्हायचा तो नेमका क्ष-किरण बंद असताना. कारण सरळ आहे. स्पंदकाकडची त्याची बाजू क्ष-किरणांनी भाजून उजळते. स्पंदक आड गेला, की आपल्यासमोर थंड बाजू येते. मग शंकेला जागा उरली नाही.

हा तारा तेराव्या ते पंधराव्या प्रतीत असतो; त्याला मोठी दुर्बीण आणि कॅमेरा हवा. ‘एक्स पर्सेई’ मात्र सहाव्या-सातव्या प्रतीचा, म्हणजे बायनॉक्युलरच्या टप्प्यातला. त्याच्या जोडीदाराचा ठोका सुमारे १४ मिनिटांचा. जानेवारीत रात्री नऊ-दहाला, रोह्यात धाटाव एमआयडीसीच्या दिव्यांपासून दूर जाऊन पाहिलं, तर त्याचा तारकासमूह ययाती जवळजवळ डोक्यावर येतो. कृत्तिकांच्या उत्तरेला झीटा पर्सेई आणि त्याच्या दक्षिणेला अंशभराच्या आत हा तारा. दिसतो तो अर्थात मोठा जोडीदार. न्यूट्रॉन तारा त्या उजेडात हरवलेला असतो. पण मोठ्याची तबकडी कधी फुगते, कधी विरते. १९९०च्या सुमारास ती नाहीशीच झाली होती. तबकडी विरली, की तारा मंदावतो. शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून महिन्यातून दोन-तीनदा त्याची प्रत वहीत लिहीत गेलं, तर हा बदल पेण-रोह्याच्या अंगणातूनही पकडता येतो.