कॉक्लिअर इम्प्लांट : शस्त्रक्रिया काही तासांची, साधना काही वर्षांची

कॉक्लिअर इम्प्लांट बसवले की जन्मतः बहिरे बालक दुसऱ्याच दिवशी ऐकू-बोलू लागेल, अशी अनेक पालकांची समजूत असते. प्रत्यक्षात शस्त्रक्रिया हा या उपचाराचा केवळ एक टप्पा आहे.

श्रवणयंत्र आवाज मोठा करते. इम्प्लांट मात्र निकामी पेशींना वगळून श्रवणतंतूंना थेट विद्युतसंकेत पोहोचवते. त्यामुळे श्रवणयंत्राचा पुरेसा लाभ होत नसेल, तरच त्याचा विचार होतो. तत्पूर्वी श्रवणचाचण्या, सीटी स्कॅन व एमआरआय केले जातात. मेंदूज्वराचा धोका टाळण्यासाठी न्यूमोकोकल लसही आवश्यक असते.

शस्त्रक्रिया

पूर्ण भूल देऊन होणारी ही शस्त्रक्रिया साधारणतः दोन ते तीन तास चालते. कानामागे छेद घेऊन त्वचेखाली यंत्राचा आतील भाग बसवतात व इलेक्ट्रोड अंतर्कर्णात सरकवतात. बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी परततात. काही दिवस वेदना, चक्कर किंवा चवीत बदल जाणवू शकतो. चेहऱ्याच्या मज्जातंतूला इजा क्वचितच होते. मात्र उरलेली नैसर्गिक श्रवणशक्ती जाऊ शकते. ताप, मान ताठरणे किंवा जखमेतून स्राव दिसल्यास तत्काळ डॉक्टरांना गाठावे.

त्यानंतर

जखम भरल्यावर, सुमारे दोन ते चार आठवड्यांनी, बाहेरील प्रोसेसर जोडून यंत्र सुरू केले जाते. तोपर्यंत त्या कानाने ऐकू येत नाही. पहिला आवाज ऐकून बालक दचकते, कधी रडते. प्रौढांना तो यांत्रिक भासतो. पुढे यंत्राची वारंवार जुळणी आणि नियमित वाचा-श्रवण प्रशिक्षण लागते. येथे सातत्य तुटले, तर महागडे यंत्रही व्यर्थ ठरते. वास्कोसारख्या बहुभाषिक शहरात पालकांनी स्वतःला सर्वांत सहज येणाऱ्या भाषेत मुलाशी भरपूर बोलावे.

मुरगावच्या दमट हवेत प्रोसेसर रोज रात्री ओलावा शोषणाऱ्या डबीत ठेवावा. समुद्रस्नानापूर्वी तो काढावा. पुढे कधी एमआरआयची वेळ आल्यास इम्प्लांटची माहिती आधीच द्यावी.

वेळेचे महत्त्व

नवजात बालकाची श्रवणतपासणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यापर्यंत आणि उपचारांचा आरंभ सहाव्यापर्यंत व्हावा, असा संकेत आहे. भाषा आत्मसात करण्याची मेंदूची क्षमता पहिल्या काही वर्षांत सर्वाधिक असते. पात्र बालकांना केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून साहाय्य मिळते. शंका येताच चिखली उपजिल्हा रुग्णालय किंवा बांबोळीच्या गोमेकॉत तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. ‘उशिरा बोलेल’ म्हणून वाट पाहू नये.