धोका कोठें असतो?

सापाच्या दातांत विष असतें, म्हणून साप धोक्याचा. हें समजण्यास शाळेंत जावें लागत नाहीं. परंतु एखादा मनुष्य, एखादा विचार किंवा एखादी परिस्थिति धोक्याची कशानें होते, हें सांगणें तितकें सोपें नाहीं. पुणें जिल्ह्यांतील मुळशी पेट्याची हकीकत या दृष्टीनें लक्षांत घेण्यासारखी आहे.

नीळा आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळचा हा मुलूख भातशेतीवर जगणारा. १९१९ सालीं स्थापन झालेल्या टाटा पॉवर कंपनीनें येथें धरण बांधण्याचें ठरविलें. पूर्वेस वाहणारें पाणी अडवावयाचें, तें घाटाखालीं भिरा येथें सुमारें ५०० मीटर उतरवून वीज निर्माण करावयाची आणि ती मुंबईस पुरवावयाची, अशी ही योजना होती. विचार वाईट नव्हता. खोपोलीस १९१५ पासून अशीच वीज तयार होत होती आणि मुंबईच्या गिरण्या तीवर चालत होत्या.

मग बिघडलें कोठें? १८९४ च्या भूसंपादन कायद्यान्वयें सरकारला कंपनीकरितां जमीन घेतां येत असे. मोजणी, मोबदल्याची रक्कम व तिची वांटणी यांविषयीं शेतकऱ्यास तक्रार करतां येई. परंतु जमीन मुळीं घ्यावी कीं नाहीं, याविषयींची हरकत ऐकण्याचें कलम कायद्यांत नव्हतें; तें कलम ५-अ १९२३ सालीं आलें. सारांश, 'किती?' असें विचारण्याची मुभा होती, 'कां?' असें विचारण्याची नव्हती.

जो प्रश्न कचेरींत विचारतां येत नाहीं, तो बांधावर येऊन उभा राहतो. १९२१ च्या रामनवमीस, १६ एप्रिल रोजीं, मावळचे शेतकरी धरणाच्या जागीं सत्याग्रहास बसले. काम कांहीं काळ थांबलें व पुढें पुनः सुरू झालें. पुढारी होते विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट. तरुणपणीं बापटांनीं पॅरिस येथें बाँब करण्याची विद्या मिळविली होती. अशा मनुष्यानें मुळशीस प्रथम निःशस्त्र मार्ग धरला आणि तुरुंगवास सोसला. 'सेनापति' हें नांव त्यांस याच लढ्यांत मिळालें.

इकडे जमिनीवर हक्क असलेले पुण्याचे पुष्कळ सावकार मोबदल्यास राजी झाले आणि कसणाऱ्याची बाजू दुबळी पडली. अखेर १९२४ सालीं बापटांनीं हातीं शस्त्र घेऊन आगगाडी अडविली. त्यांस सात वर्षांची शिक्षा झाली. १९२७ च्या सुमारास धरण पुरें झालें आणि भिऱ्याची वीज मुंबईस जाऊं लागली.

मनुष्य तोच, मागणी तीच. मध्यंतरीं एकामागून एक दारें मात्र बंद झालीं. यामुळें शस्त्र उचलणें योग्य ठरत नाहीं. गाडीवरील माणसांनीं कायदा केला नव्हता, आणि धरणाचा निर्णयही त्यांचा नव्हता. धोक्याचें हेंच विपरीत लक्षण आहे: तो निर्माण करणारा एक आणि त्यांत सांपडणारा दुसराच. उपयुक्त विचारास नकार ऐकावा लागत नाहीं, तेव्हां तो धोक्याचा होतो. आणि नकार ऐकून घेणारा कोणी उरत नाहीं, तेव्हां सज्जनही धोक्याचा होतो.

२०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्यानें खाजगी कंपनीकरितां जमीन घेतांना बाधित कुटुंबांपैकीं ८० टक्क्यांची संमति आवश्यक केली. मुळशीच्या लोकांस ती नव्वद वर्षें उशिरां मिळाली. पावसाळ्यांत पुणेंकर आजही तें भरलेलें तळें पाहावयास जातात. पाण्याच्या शोभेबरोबर त्याखालच्या गांवांचें स्मरण ठेवावें. आणि कोणास 'धोक्याचा' म्हणण्यापूर्वीं त्याचें म्हणणें कोणी ऐकून घेतलें होतें काय, एवढी चौकशी करावी.