निलगिरीचा काळा चिखल

घरात कुणाला सर्दी झाली, की आई रुमालावर निलगिरीच्या तेलाचे दोन थेंब टाकून तो नाकाशी धरायला लावायची. त्यामुळे लहानपणापासून माझी समजूत अशी, की दक्षिणेत निलगिरी नावाचा डोंगर आहे आणि तो या उंच, सरळसोट, उग्र वासाच्या झाडांनी भरलेला आहे. पुढं उटीला गेलो तेव्हा ती खरीच वाटली. रस्त्याच्या दुतर्फा तीच झाडं, हवेला तोच वास. निलगिरीवरची निलगिरी बघून मी अगदी धन्य झालो!

घरी येऊन थोडं वाचल्यावर कळलं, की हे झाड निलगिरीचं नव्हेच. ते ऑस्ट्रेलियाचं. इंग्रजांच्या काळात, १८४३ च्या सुमारास ते इथं आलं. उटीच्या थंडीत साहेबांच्या शेकोट्यांना सरपण हवं होतं. त्याच्यासारखंच ऑस्ट्रेलियाहून वॅटल आलं. त्याची साल कातडी कमवायला लागते. स्वातंत्र्यानंतर तर या लागवडी आणखी वाढल्या. आणि ही झाडं लावली कुठं? मुख्यतः गवताळ उतारांवर.

निलगिरीचा माथा दोन हजार मीटरच्याही वर आहे. तिथला मूळचा देखावा असा : घळीघळींतून ठेंगण्या, दाट झाडांचं सदाहरित रान, ज्याला ‘शोला’ म्हणतात, आणि बाकी सगळ्या उतारांवर नुसतं गवत. पुष्कळ जाणत्यांना वाटे, की एके काळी सगळा डोंगर रानानं झाकलेला असणार. माणसांनी तो तोडला, जाळला, तोडा लोकांच्या म्हशींनी रोपं खाल्ली, म्हणून गवत माजलं. तसं असेल तर तिथं झाडं लावणं म्हणजे पुण्यकर्मच! दुसरा पक्ष म्हणे, गवत मूळचंच आहे. हिवाळ्यात तिथं रात्री दव गोठतं आणि उघड्यावरची कोवळी रोपं मरतात. हा वाद बरीच वर्षं चालला. निकाल देणार कोण? इतकी जुनी दप्तरं कुणाकडे असणार?

ती निघाली चिखलात.

शाळेच्या भूगोलात कोळशाचे प्रकार पाठ करताना ‘पीट’ हे नाव आपण ऐकलेलं असतं. पाणथळ, थंड जागी गवत-पाला साचतो. पाण्याखाली हवा पोचत नाही, त्यामुळे तो धड कुजत नाही. वर्षावर वर्षं थर चढत जातात आणि काळा, स्पंजासारखा चिखल तयार होतो. वरचा थर कालचा, खालचा हजारो वर्षांपूर्वीचा. किरणोत्सर्गी कार्बनच्या मोजणीनं प्रत्येक थराचं वय काढता येतं. उटीजवळच्या सँडिनल्ला भागातल्या दलदलीत असं पीट आहे.

या दप्तरातली पहिली नोंद परागकणांची. त्यांचं कवच इतकं चिवट, की पिटात ते हजारो वर्षं टिकतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली कण कुणाचा ते ओळखता येतं. स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्टनं १९१६ मध्ये ही पद्धत जगापुढं मांडली.

दुसरी नोंद कार्बनची. ती समजायला आपलं जेवणाचं ताट पुरे आहे. हवेतला कार्बन मुख्यतः दोन वजनांचा असतो, एक नेहमीचा आणि एक किंचित जड. भात, गहू आणि जवळपास सगळे वृक्ष जड कार्बन पुष्कळसा टाळतात. ज्वारी, बाजरी, मका, ऊस आणि उष्ण, कोरड्या हवेत तगणारी बरीच गवतं तो तितका टाळत नाहीत. वनस्पती मरून चिखलात गेली तरी हा फरक राहतो. म्हणजे पिटाचा चिमूटभर नमुना सांगू शकतो, की त्या काळी इथं ‘भाताची जात’ होती की ‘ज्वारीची’.

बंगळूरचे रमण सुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निलगिरीच्या पिटाची अशी उलटतपासणी केली आणि १९९३ मध्ये ‘नेचर’ या विख्यात नियतकालिकात ती प्रसिद्ध केली. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, तिथं ‘ज्वारीच्या जातीचं’ गवत होतं. पाऊस कमी होता. पुढं हिमयुग ओसरलं, मोसमी पाऊस वाढला आणि ‘भाताच्या जातीच्या’ वनस्पतींनी जोर धरला. नंतर पुन्हा कोरडे दिवस आले. पाऊस बदलेल तशी डोंगरावरची हिरवळ बदलत गेली.

आता हिशेब करा. वीस हजार वर्षांपूर्वी जगात कुठंही शेती नव्हती की गुरं पाळणं नव्हतं. मग तिथलं गवत तोडांच्या म्हशींमुळे कसं आलं असेल? पुढं माणसानं वणवे लावले, गुरं चारली, हे खरं. पण गवत त्याच्याआधीचं आहे. निलगिरी ताहर, ही डोंगरी शेळीची भाऊबंद, याच गवतावर जगते. वॅटलच्या गर्दीत तिनं खायचं काय?

हे वाचलं आणि मला आमच्या गावाबाहेरचा माळ आठवला. शाळेत असताना तिथं आम्ही मुलांनी गिरिपुष्पाची रोपं लावली होती. जमीन ‘पडीक’ आहे असं गुरुजींनी सांगितलं होतं; भाषणं झाली, पेढे वाटले. तिथं चंडोल गवतात घरटं करायचे, धनगरांची मेंढरं चरायची. आज तिथं खालचं गवत गेलं आहे, आणि चंडोलही. त्या दिवसाचा मला कितीतरी वर्षं अभिमान होता.

आमच्या माळाखाली काळा चिखल नाही. तो माळ कोरडा. तिथं परागकण आणि पाला टिकणार कसा? त्याच्या बाजूनं बोलायला कुणी नाही. निलगिरीच्या गवताला निदान एक साक्षीदार मिळाला, तोही बराचसा डोंगर परक्या झाडांखाली गेल्यावर. म्हणून हल्ली कुणी ‘इथं काही नाही, झाडं लावू या’ म्हणालं, की मी आधी विचारतो : इथं आधी काय होतं?