बिबट्या, अनुभव आणि पुरावा

बोरीवलीच्या पूर्वेस सुमारे 104 चौरस किलोमीटर पसरलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या सीमेवर माणूस आणि बिबट्या शेजारी राहतात. त्यामुळे अंतःप्रेरणेवर, म्हणजे विचारापूर्वीच मनात उमटणाऱ्या निर्णयावर, किती विसंबावे हा प्रश्न येथे जीवन-मरणाचा ठरतो. दिसलेला बिबट्या पकडून दूर सोडला की धोका टळतो, हे मनाला सहज पटते. परंतु वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या जुन्नर परिसरातील अभ्यासातून असे दिसले की, पकडलेले बिबटे जिथे सोडले जातात तिथे हल्ले वाढू शकतात. याउलट, वाघोबा या देवाला पूजणाऱ्या वारली आदिवासी पाड्यांचा सहजीवनाचा अनुभव शास्त्राने खोडून काढलेला नाही. शास्त्र त्या अनुभवात मोजमापाची भर घालते: प्राणी समोरून जाताच आपोआप छायाचित्र टिपणाऱ्या कॅमेरा सापळ्यांच्या मदतीने, प्रत्येक बिबट्याच्या ठिपक्यांची रचना वेगळी असल्यामुळे, 2015 मध्ये उद्यान व परिसरातील 35 बिबटे ओळखता आले. अनुभव प्रश्न सुचवतो आणि शास्त्र त्याचे उत्तर तपासून घेते, म्हणून दोन्ही हवेत. मात्र त्यांत विरोध आल्यास पडताळलेला पुरावाच निर्णायक मानावा. नागरिकांनी पिंजऱ्याची मागणी करण्याऐवजी उघड्यावर कचरा टाकणे थांबवावे, कारण त्यावर पोसलेली भटकी कुत्री बिबट्याला वस्तीकडे आणतात.