सावड, मंडळ आणि उचल

२०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया नोंदल्या गेल्या. त्याआधीच्या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर उतरली होती. पुरुष मुंबईला आणि शेत बाईच्या हाती, ही इथली गिरण्यांच्या काळापासूनची रीत. गुंठ्यांत मोजायच्या जमिनीतल्या भातावर वर्ष निघत नाही, तरी वाड्या टिकल्या त्या माणसांनी आपसांत जपलेल्या व्यवहारावर.

त्यातला सर्वांत जुना व्यवहार सावडीचा. भाताचा तरवा (रोपं) जून झाला की लावणीनंतर फुटवे कमी येतात, आणि चिखलणी केलेला मळा कुणासाठी थांबत नाही. या घाईला पुरतील एवढी माणसं एका घरात कुठून असणार? म्हणून पाच-सात घरं मिळून आज एकाची, उद्या दुसऱ्याची लावणी उरकतात. मजुरी रोख नाही, दिवसाची फेड दिवसाने. पावसाळा सरला की हेच हात सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वहाळावर वनराई बंधारा घालतात, आणि आसपासच्या विहिरींचं पाणी आणखी काही आठवडे टिकतं.

दुसरा व्यवहार मुंबईशी. लालबाग-परळच्या गाळ्यांत एका गावची माणसं एकत्र राहत. नव्या पोराला तिथे पथारी मिळे आणि ओळखीने गिरणीत कामही. गावाकडे मनीऑर्डर येई. या गावकऱ्यांच्या मुंबईतल्या मंडळाच्या वर्गणीतून गावात देऊळ, पाखाडी, शाळेची खोली उभी राहिली. १९८२च्या संपानंतर गिरण्यांचा आधार तुटला, मंडळं मात्र राहिली. आजही शिमग्याला नि गणपतीला चाकरमानी आले की गावकीची, म्हणजे गावच्या सामाईक कारभाराची, बैठक भरते.

या नात्यांत सगळे सारखे कधीच नव्हते. खोतीच्या काळात कुळाच्या घामातला वाटा खोताकडे जाई. खोती मोडण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं, कायदा मात्र १९४९चा. गावकीतले मान जातीने ठरत आले. लावणीत पुढे असणारी बाई बैठकीत मागे बसते. सातबारावर भावकीची डझनभर नावं असतात, आणि एकाची सही अडली की कर्जही अडतं.

तिसरा व्यवहार उचलीचा, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशाचा. १९९०नंतर रोजगार हमीतल्या फळबाग योजनेने वरकस जमिनीवर आंबा-काजू आला. मोहोर येण्याआधीच फवारणीला पैसे लागतात. ते दलाल देतो, मग आंब्याची पेटीही वाशीच्या बाजारात त्याच्याकडेच जाते. अडीनडीला तोच धावून येतो, हे खरं. पण भाव माल विकल्यावर कळतो आणि हिशेबाची वही एकाच्याच हाती राहते. सावडीत कुणाचे किती दिवस झाले हे सगळ्या वाडीला ठाऊक असतं. फरक आहे तो इथेच.

२०२०च्या टाळेबंदीत अनेक बागायतदारांनी दलालाला वगळून मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत थेट पेट्या पोचवल्या. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. वाट दिसली आहे, ती कायमची करायला हवी. वाडीने एकत्र प्रतवारी करावी, एक दर ठरवावा. मुंबईच्या मंडळाने मागणी नोंदवावी आणि फवारणीच्या वेळेला आगाऊ रक्कम उभी करावी. हिशेब बैठकीत सर्वांसमोर वाचला जावा, आणि त्या बैठकीत राबणाऱ्या बाईला मत असावं. देवळासाठी वर्गणी काढणाऱ्या मंडळांना हे अवघड नाही. देवळाइतकीच निष्ठा आता बागेच्या हिशेबाला द्यायला हवी.