कलाशाखा आणि माहिती-तंत्रज्ञान : एका जोडपदवीचा विचार

बारावीचा निकाल हाती आला की मुलाने अथवा मुलीने पुढे काय शिकावे याविषयी घरोघरी जी चर्चा सुरू होते, तिच्या मुळाशी बहुधा एक न उच्चारलेले गृहीत असते : विद्या दोन प्रकारची, एक पोट भरणारी आणि दुसरी मन रमवणारी, आणि ज्याला पहिली झेपत नाही त्याने दुसरीकडे वळावे. नवी मुंबईलगतच्या तळोजा परिसरात हे गृहीत विशेष दृढ असल्यास त्यात आश्चर्य नाही. एका अंगाला रसायनांच्या कारखान्यांची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगाला जमिनी संपादनात गेलेली जुनी आगरी गावे, आणि या दोहोंच्या मध्ये सिडकोच्या सोडतीत घर लागले म्हणून मुंबई सोडून आलेली, हप्ते फेडणारी कुटुंबे, अशी या वस्तीची घडण आहे. अशा घरातील मुलीने ‘मला इतिहास घ्यायचा आहे’ असे म्हटले, तर ‘मग नोकरीचे काय’ हा प्रतिप्रश्न निर्दयपणाने नव्हे, तर चिंतेनेच विचारला जातो. या चिंतेला उत्तर म्हणून कला आणि माहिती-तंत्रज्ञान ही दोन्ही एकत्र शिकण्याचा जो मार्ग आज खुला होत आहे, त्याचा परिचय करून देणे हा या लेखाचा हेतू आहे. मात्र नोकरी हे त्या मार्गाचे एकमेव समर्थन नव्हे. माझ्या मते ते मुख्य समर्थनही नव्हे.

परदेशांत ही कल्पना नवी राहिलेली नाही. ऑस्ट्रेलियातील अनेक विद्यापीठांत कलाशाखेची आणि माहिती-तंत्रज्ञानाची पदवी एकाच प्रवेशात, जोडीने, घेता येते. दोन्ही अभ्यासक्रमांतील समाईक भाग एकदाच मोजला जात असल्याने स्वतंत्रपणे लागणाऱ्या कालावधीपेक्षा कमी काळात विद्यार्थी दोन सनदा घेऊन बाहेर पडतो. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१४ साली संगणकशास्त्राला इंग्रजी, संगीत, इतिहास आदी विषयांची जोड देणारी योजना प्रायोगिक तत्त्वावर सुरू केली होती. ती काही वर्षांतच बंद झाली. इलिनॉय विद्यापीठात मात्र संगणकशास्त्र आणि भाषाविज्ञान, संगणकशास्त्र आणि मानवशास्त्र असे संयुक्त अभ्यासक्रम चालू आहेत. दोन पूर्ण विषयांचे ओझे एकमेकांवर नुसते रचून ठेवले तर विद्यार्थी वाकतो, आणि ते परस्परांत गुंफले तर तो तग धरतो, असा या दोन उदाहरणांचा अर्थ मी लावतो.

आपल्याकडे अशी तयार जोडपदवी सर्वत्र मिळत नाही. पण तिचे घटक मात्र मिळतात, आणि ते कसे जुळवावेत हे पालकांना क्वचितच कोणी समजावून सांगते. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीसाठी महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ रोजी जो निर्णय निर्गमित केला, त्यानुसार तीन वर्षांच्या पदवीचे १२० ते १३२ श्रेयांक ठरले, त्यांतील निदान निम्मे मुख्य विषयाचे, आणि उरलेल्यांत एक गौण (मायनर) विषय, खुले वैकल्पिक विषय, कौशल्याचे विषय, प्रत्यक्ष कामाचा अनुभव वगैरेंची वाटणी झाली. गौण विषय अन्य विद्याशाखेतूनही घेता येतो, आणि खुला वैकल्पिक विषय तर दुसऱ्या विद्याशाखेतूनच घेणे बंधनकारक आहे. सबब मराठी किंवा अर्थशास्त्र मुख्य आणि माहिती-तंत्रज्ञान गौण, ही रचना आज नियमांत बसते. दुसरी वाट विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये खुली केली : एकाच वेळी दोन पदव्या घेण्यास मुभा, मात्र दोन्ही प्रत्यक्ष वर्गांत असतील तर त्यांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत. एक पदवी महाविद्यालयात आणि दुसरी दूरस्थ पद्धतीने, असेही चालते. म्हणजे तळोज्याचा विद्यार्थी पनवेलच्या महात्मा फुले किंवा नवीन पनवेलच्या चांगू काना ठाकूर महाविद्यालयात बी.ए. करीत असताना इग्नूचे बी.सी.ए. घरी राहून करू शकतो. मद्रास आयआयटीने २०२० साली सुरू केलेला विदाविज्ञानाचा (डेटा सायन्सचा) ऑनलाइन अभ्यासक्रमही कोणत्याही शाखेतून बारावी झालेल्यास पात्रता-प्रक्रिया पार करून घेता येतो, आणि तो टप्प्याटप्प्यांवर, प्रमाणपत्र किंवा पदविका घेऊन, थांबवताही येतो.

याच्याही आधीचा एक दरवाजा आहे, आणि त्याची माहिती फारच थोड्यांना असते. राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीत माहिती-तंत्रज्ञान हा विषय कला, वाणिज्य व विज्ञान या तिन्ही शाखांना स्वतंत्र पाठ्यपुस्तकासह उपलब्ध आहे, त्याची परीक्षा संगणकावर होते, आणि कलाशाखेच्या पुस्तकातही संकेतस्थळाची रचना, जावास्क्रिप्ट व पीएचपी यांचा परिचय आहे. ज्या कनिष्ठ महाविद्यालयात हा विषय शिकवला जातो तेथे कलाशाखेच्या मुलाने तो सोडू नये.

आता या संयोगाची खरी आवश्यकता कोठे आहे ते पाहू. संगणक हा अंकांवर चालणारा असल्याने भाषेचे प्रत्येक अक्षर त्याच्या लेखी एक क्रमांक असतो, आणि तो क्रमांक कोणी, कोणत्या क्रमाने दिला यावर आपल्या भाषेचे बरेच काही अवलंबून राहते. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत ‘ळ’ला ‘ल’च्या लगेच पुढचा क्रमांक आहे, पण आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. सबब केवळ क्रमांक पाहून शब्दांची यादी लावणारे यंत्र ‘तळोजा’ हे नाव ‘तवा’च्या आधी बसवील, आणि मराठी वर्णमाला शिकलेला कारकून ते ‘तह’च्याही नंतर शोधील. हा दोष यंत्राचा नाही. मराठीचा क्रम यंत्राला सांगणारा जाणकार हवा. ‘आचार्यांना बोलावले’ आणि ‘आचाऱ्यांना बोलावले’ यांत विद्वान आले की स्वयंपाकी, हा भेद रकाराच्या एका आकृतीवर ठरतो, आणि ती आकृती उमटावी म्हणून युनिकोडमध्ये ‘ऱ’ची तजवीज करावी लागली. ‘ॲ’ हे अक्षर तर त्या संकेतप्रणालीत २००८ साली दाखल झाले. ही कामे व्याकरण न जाणणाऱ्या अभियंत्याला सुचत नाहीत, आणि यंत्र न जाणणाऱ्या वैयाकरणाला करता येत नाहीत.

ज्याने अक्षर आणि यंत्र ही दोन्ही क्षेत्रे एका आयुष्यात सांधली असा एक मराठी माणूस आपल्यात होऊन गेला. र. कृ. जोशी (१९३६–२००८) हे मुंबईच्या जे. जे. कलाविद्यालयात शिकलेले सुलेखनकार, कवी, जाहिरात क्षेत्रातील नामवंत आणि पुढे मुंबई आयआयटीच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रातील अध्यापक. विंडोज २००० बरोबर कोट्यवधी संगणकांवर जो ‘मंगल’ टंक (फॉन्ट) पोचला तो त्यांनी घडवला. आज शासकीय कचेऱ्यांतील कितीतरी पत्रव्यवहार त्याच टंकात होत आला आहे. अक्षराचे वळण, दोन अवयवांतील अंतर, वेलांटीचा तोल हे त्यांना बोरूने लिहून ठाऊक होते, आणि ते ज्ञान त्यांनी संगणकाच्या नियमांत उतरवले. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी ज्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात काम केले ते पुढे सी-डॅक या शासकीय संगणन-संशोधन संस्थेत विलीन झाले, आणि सी-डॅकचे एक केंद्र खारघर स्थानकाजवळ आहे; १७ नोव्हेंबर २०२३ पासून पेंधर ते बेलापूर धावणाऱ्या अकरा स्थानकांच्या मेट्रोने तळोज्याहून त्या बाजूला जाणे आता सुकर झाले आहे. भाषा आणि यंत्र यांचे काम दूरच्या एखाद्या देशात चालते असे समजणाऱ्या येथील मुलांना हे सांगितले पाहिजे.

दुसरे उदाहरण याहून जुने आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, त्या प्रकल्पाचे संपादकत्व १९२५ साली विष्णु सीताराम सुकथनकरांकडे आले. ते केंब्रिजला गणित शिकले होते आणि नंतर बर्लिनला संस्कृत व्याकरणावर प्रबंध लिहून आले होते. देशभरातील १,२५९ हस्तलिखिते शोधून, त्यांतील पाठांची तुलना करून, कोणती पोथी कोणत्या शाखेतून उतरली हे ठरवायचे, हे काम तर्कशास्त्राचे आणि वर्गीकरणाचे होते, आणि ते १९६६ पर्यंत केवळ कागदावर, हाताने चालले. त्याच आवृत्तीची संहिता पुढे क्योटोच्या तोकुनागांनी संगणकावर उतरवली आणि केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी तपासली, तेव्हा कोठेही बसून एखादा शब्द अठरा पर्वांत कोठे कोठे येतो हे क्षणात पाहता येऊ लागले. सुकथनकरांच्या गणितात आणि त्यांच्या संस्कृतात मला विरोध दिसत नाही. एकाच बुद्धीच्या शिस्तीने ती दोन्ही चालत होती.

आणि उरलेले काम किती! पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल, म्हणजे कापडी गठ्ठे, बांधलेले आहेत. ते वाचणारे हात मोजके आहेत. मोडी लिपीला युनिकोडमध्ये २०१४ साली स्थान मिळाले, परंतु स्थान मिळणे आणि यंत्राला वळणदार, शिरोरेषेला जोडून धावणारे हस्ताक्षर वाचता येणे यांत मोठे अंतर आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी जुनी दफ्तरे उघडली गेली, त्या वेळी मोडी जाणकारांची निकड किती आहे हे साऱ्या राज्याच्या ध्यानात आले. ज्याला इतिहासाची शिस्त आहे, मोडी येते आणि प्रतिमेतून अक्षर ओळखणारी आज्ञावली लिहिता येते, असा पदवीधर उद्या प्रत्येक जिल्ह्याच्या अभिलेखागारास हवा आहे. मुंबई आयआयटीत घडलेल्या मराठी शब्दबंधासारख्या, शब्दांचे अर्थसंबंध यंत्राला कळावेत म्हणून रचलेल्या कोशांनाही भाषेचे शिक्षण घेतलेले लोकच लागतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला; त्या दर्जाला साजेसे काम करणारी माणसे अशाच जोडशिक्षणातून येतील, असे मी मानतो.

या मार्गातील अडचणी झाकून ठेवणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. नियमात पर्याय असला तरी प्रत्यक्षात गौण विषय कोणता मिळेल हे त्या महाविद्यालयात शिक्षक कोण आहेत, प्रयोगशाळा किती मोकळी आहे आणि वेळापत्रक कसे बसते यावर ठरते. बी.ए.च्या मुलाला संगणकाचा तास हवा असतो तेव्हा ती खोली दुसऱ्या वर्गाला दिलेली असते, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. दुसरी अडचण गणिताची. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. आयटीला बारावीत गणित असण्याची अट दीर्घकाळ राहिल्यामुळे कलाशाखेच्या मुलांनी ती वाट आपली नाहीच असे मनाशी ठरवून टाकले. अट असो वा नसो, तर्क आणि संख्याशास्त्र यांच्यावाचून संगणकाचे शिक्षण वरवरचे राहते. तेव्हा दहावीनंतर गणिताला कायमचा रामराम करू नये, हे मी आग्रहाने सांगेन. आणि दोन पदव्यांची परवानगी मिळाली म्हणून दोन्ही घ्याव्यातच असेही नाही. दिवसाकाठी प्रवासात बराच वेळ जाणाऱ्या, घरी एकच खोली असणाऱ्या विद्यार्थ्याने कलेचा एक विषय मुख्य धरून माहिती-तंत्रज्ञान गौण म्हणून तीन वर्षे चिकाटीने करावे. दोन अर्धवट पदव्यांपेक्षा ते अधिक फलदायी ठरेल.

प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी पालकांनी महाविद्यालयाच्या कार्यालयात जाऊन चौकशी करावी : कला शाखेच्या विद्यार्थ्याला माहिती-तंत्रज्ञान गौण विषय म्हणून यंदा प्रत्यक्ष मिळणार आहे काय, तो शिकवणारा पूर्णवेळ शिक्षक आहे काय, आणि प्रयोगशाळेचे तास त्याच्या वेळापत्रकात लावलेले आहेत काय. उत्तर नकारार्थी आले तर प्राचार्यांकडे लेखी मागणी नोंदवावी. मागणीच नोंदवली गेली नाही, तर तो विषय पुढल्या वर्षीही सुरू होणार नाही.